खडकाची परतीची वाट

ब्यूमाँट, टेक्सास : डिसेंबर 1900

तुमच्या बुटांना चिखल लागला आहे आणि तो मुद्दाम तयार केलेला आहे. स्पिंडलटॉप नावाच्या बुटक्या टेकाडावर खोदाईचा लाकडी मनोरा, म्हणजे डेरिक, उभा आहे. शेजारच्या तळ्यात गुरं सोडली आहेत. त्यांच्या खुरांनी तळाची माती ढवळली जाते, पाणी दाट होतं आणि तेच दाट पाणी पंपाने पाइपात ढकललं जातं. ही हकिगत टेक्सासमध्ये पुढे शंभर वर्षं सांगितली जाणार आहे.

कॅप्टन अँथनी लुकस यांच्यासाठी ही विहीर हॅमिल बंधू खोदताहेत. त्यांची अडचण कठीण खडकाची नाही, मोकळ्या वाळूची आहे. खोदणारं टोक, म्हणजे बिट, थोडं खाली जातं आणि भिंतीची वाळू ढासळून भोक पुन्हा भरतं. साध्या पाण्याने ती वाळू वर येत नाही. चिखल मात्र भिंतीला लिंपला जातो, तिला आधार देतो आणि वाळूचे कण धरून वर आणतो. वर आलेला चिखल ज्या नाल्यातून वाहतो त्यात हात घाला. बोटांना लागणारी ही वाळू काही वेळापूर्वी शेकडो फूट खाली होती.

10 जानेवारी 1901 ला इथे तेलाचा फवारा डेरिकच्याही वर जाईल. दिवसाला एक लाख बॅरल असा त्याचा अंदाज केला जाईल आणि तो बंद करायला नऊ दिवस लागतील. जग त्या फवाऱ्याकडे पाहील. तुम्ही मात्र नाल्यातल्या वाळूवरची नजर काढू नका, कारण पुढच्या शंभर वर्षांचा प्रश्न तिथेच आहे. बिट खडक फोडतं, पण फुटलेला खडक तिथून हलवायचा कोणी आणि कसा?

गूज क्रीक, टेक्सास : 1909

नऊ वर्षं पुढे या. फिशटेल बिटची पाती मऊ मातीत चालतात, पण कठीण खडकावर नुसती घासली जातात. हॉवर्ड ह्यूजेस (थोरले) यांनी दोन दातेरी शंकूंचं बिट बनवलं आहे. पाइप फिरला की शंकू तळावर लोळतात आणि त्यांचे दात खडक चिरडतात. इथल्या चाचणीत या बिटने 14 फूट कठीण खडक 11 तासांत पार केला. 1933 मध्ये ह्यूजेस कंपनीचे अभियंते तिसरा शंकू जोडतील आणि ट्रायकोन बिट जगभर पसरेल.

ते बिट उलटं करून पाहा. मधोमध पाण्याची वाट आहे. खोदाईचा चिखल, म्हणजे मड, त्या वाटेने येतो आणि शंकूंवर पडतो. दात धुतले जातात, हे चांगलंच. पण तळाला पोचेपर्यंत प्रवाहात जोर उरत नाही. चिरडलेला चुरा तळावरच राहतो आणि पुढच्या फेरीत दात पुन्हा त्याच चुऱ्यावर पडतात. जात्याच्या कडेने पीठ बाहेर पडलं नाही तर वरून कितीही घास टाका, पाळू पिठावरच फिरत राहते. बिटचंही तेच होतं. शक्ती खर्च होते, दात झिजतात, विहीर मात्र इंचभरही पुढे जात नाही.

यात भर पडते ती मडच्या वजनाची. विहिरीतल्या मडचा दाब बहुधा खडकाच्या छिद्रांतल्या दाबापेक्षा जास्त ठेवावा लागतो, नाहीतर तेल-वायू उसळून वर येईल. तोच जास्तीचा दाब सुटलेल्या कपच्यांना तळाशी दाबून धरतो. कपची मोकळी झालेली असूनही उठत नाही. तिला उचलायला तळावरून आडवा, वेगवान प्रवाह वाहायला हवा.

कॉनरो, टेक्सास : 1934

इथे विहिरीऐवजी एक प्रचंड खड्डा दिसतो. जानेवारी 1933 मध्ये कॉनरो क्षेत्रातली विहीर फुटली, पेटली आणि भोवतालची जमीन खचत गेली. वरून कोणी जवळ जाऊ शकत नाही. जॉन ईस्टमन यांनी सुरक्षित अंतरावरून एक विहीर तिरकी नेत फुटलेल्या विहिरीच्या तळाजवळ पोचवली आहे आणि त्या वाटेने द्रव ढकलून तिला आवरलं आहे.

त्यांचं हत्यार म्हणजे व्हिपस्टॉक, पोलादाची लांब पाचर. ती भोकात ठरलेल्या दिशेने बसवायची, म्हणजे बिट तिच्या उतारावरून बाजूला घसरतं. मग पाचर काढायची, कॅमेरा असलेलं उपकरण खाली सोडून कोन आणि दिशा मोजायची आणि पुन्हा खोदायचं. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचवर किनाऱ्यावरून समुद्राखालच्या तेलाकडे विहिरी याच युक्तीने गेल्या.

आता विहीर सरळ असलीच पाहिजे असं राहिलं नाही. पण विहीर कलली की तिच्यातल्या चुऱ्याचं वागणंही बदलतं. याची पुरती जाणीव व्हायला अजून काही दशकं लागणार आहेत.

लुईझियानाचा किनारा : 1950 चं दशक

आता तुम्ही समुद्रातल्या लोखंडी फलाटावर आहात. समोर नवं बिट टांगलं आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस आलेलं हे जेट बिट आहे. मधल्या भोकाऐवजी दोन-दोन शंकूंच्या मधून टंगस्टन कार्बाइडची छोटी नोझल्स थेट तळाकडे रोखलेली आहेत. आत येणारा मड शंकूंवर न सांडता धार होऊन खडकावर आदळतो, पसरतो आणि आडवा वाहत कपच्या घेऊन वर निघतो.

नोझलचा आकार इंचाच्या बत्तीसाव्या भागांत मोजतात. ड्रिलर विचारतो, "बारा की सोळा?" उत्तर देण्याआधी हिशेब करा. समजा, पंप मिनिटाला 500 गॅलन, म्हणजे सुमारे 1,900 लिटर मड देतो आहे. मड पाण्याच्या 1.2 पट जड आहे. बिटमध्ये बारा नंबरची तीन नोझल्स बसवली तर धारेचा वेग सेकंदाला सुमारे 147 मीटर होतो आणि एकट्या बिटवर जवळजवळ 2,100 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) दाब खर्च होतो. आता तीन सोळा नंबरची बसवा. व्यास वाढला फक्त एक अष्टमांश इंचाने, पण बिटवरचा दाब 660 पीएसआयच्या आसपास येतो आणि वेग 83 मीटरवर उतरतो. दाब प्रवाहाच्या वर्गाने वाढतो आणि नोझलच्या क्षेत्रफळाच्या वर्गाने घटतो. बोटांच्या चिमटीत मावणारा हा तुकडा सगळ्या पंपघराचा दाब कुठे खर्च व्हायचा हे ठरवतो.

पंपाचा दाब मर्यादित असतो. त्यातला काही पाइपातून उतरताना घर्षणात जातो, काही बाहेरच्या फटीतून वर येताना जातो आणि उरलेला बिटला मिळतो. प्रवाह वाढवला की घर्षण जवळजवळ वर्गाने वाढतं आणि बिटचा वाटा आटतो. प्रवाह कमी केला तर दाब उरतो, पण त्याला वाहून नेणारा मडच थोडा पडतो. मध्ये कुठेतरी चांगला बिंदू असतो. या पिढीच्या अभियंत्यांनी तो शोधला. एकूण दाबापैकी साधारण 65 टक्के बिटवर खर्च झाला तर तळाशी सर्वाधिक जलशक्ती मिळते. 48 टक्क्यांच्या आसपास ठेवला तर धारेचा खडकावरचा मारा सर्वाधिक होतो. सरळ विहिरीसाठी हे नियम फार उपयोगी ठरले.

ड्रिलर आता आणखी एक गोष्ट दाखवतो. तो तीनपैकी एक नोझल मोठं बसवतो आणि बाकीची दोन लहान. खाली तळाची माती मऊ आहे. मोठं नोझल हव्या त्या दिशेला वळवून तो पाइपाचं फिरणं थांबवतो आणि पंप पूर्ण जोरात चालवतो. धार तळाच्या एकाच बाजूला खळगा कोरते. मग पाइप फिरवून खोदायला लागलं की बिट त्या खळग्याकडे ओढलं जातं. पाचर नाही, मोटर नाही, तरी विहीर वळली. ती वळवली मडच्या धारेने.

मुंबई हाय, अरबी समुद्र : 1981

हेलिकॉप्टर फलाटावर उतरतं. मुंबईचा किनारा सुमारे 160 किलोमीटर मागे राहिला आहे. 1974 च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने इथे तेल शोधलं आणि 21 मे 1976 पासून उत्पादन सुरू झालं. भर समुद्रात प्रत्येक विहिरीसाठी वेगळा फलाट परवडत नाही. म्हणून एकाच फलाटावरून विहिरी खाली उतरतात आणि मग वेगवेगळ्या दिशांना कलत जातात. इथे तिरकं खोदणं हीच रोजची रीत आहे.

तुमच्या पायांखाली समुद्राचा तळ आहे आणि त्याखाली कोकण-किनाऱ्याची नावं मिरवणारे थर : चिंचणी, वांद्रे, रत्नागिरी, वसईच्या जुन्या नावाचा बसीन. तेल चुनखडकात आहे. तिथवर जाताना चिंचणीची जाड, चिकट माती पार करावी लागते.

बिटच्या वर मड मोटर आहे. रने मोईनो या फ्रेंच अभियंत्याने 1930 च्या दशकात मांडलेला पंप उलटा चालवला की ही मोटर होते. पंपात दांडा फिरवून द्रव ढकलतात. इथे द्रव दांड्याला फिरवतो. वरचा पाइप न फिरवता खालचं बिट फिरतं आणि मोटरवरच्या वाकड्या तुकड्याचं तोंड जिकडे, तिकडे विहीर वळते. पाइपाने न फिरता नुसतं पुढे सरकायचं, याला इथे ‘स्लाइड’ म्हणतात.

दुपारी खोदण्याचा वेग घसरतो. ड्रिलर बिटवर वजन वाढवतो. वेग आणखी घसरतो. पंपाचा दाब किंचित चढला आहे. मडमधून कपच्या (इथल्या भाषेत कटिंग्ज) गाळणाऱ्या थरथरत्या जाळीकडून, म्हणजे शेल शेकरकडून, फ्लोअरमन धावत येतो.

"साहेब, शेकरवर कटिंग्ज येतच नाहीयेत. नुसता मड येतोय."

"बिट बॉल झालंय," ड्रिलर म्हणतो. "भाऊ, पंप फुल करायला सांग. मी उचलतो."

चिकट मातीने बिटचे दात बुजवले आहेत. आता खडकाला दात लागत नाहीत, मातीचा गोळा लागतो. वजन वाढवलं की गोळा आणखी घट्ट बसतो. उपाय उलट दिशेने करायचा असतो : बिट तळापासून उचलायचं, वजन काढायचं, पूर्ण प्रवाह सोडायचा, बिट वेगाने फिरवायचं आणि धारांनी माती सुटेपर्यंत थांबायचं. थोड्या वेळाने शेकरच्या जाळीवर करड्या मातीचे तुकडे पडू लागतात आणि फ्लोअरमनचा चेहरा उजळतो.

तुम्ही विचारता, पुढच्या बिटमध्ये लहान नोझल्स घालून धार आणखी तेज का करू नये? ड्रिलर मोटरकडे बोट दाखवतो. मोटरला स्वतःच्या कामासाठी दाब हवा. बिट जितकं जोर लावून चावेल तितका तो वाढतो आणि मर्यादा ओलांडली की मोटर अडकते. शिवाय मडचा छोटा भाग मोटरच्या बेअरिंगमधून जाऊन त्यांना थंड ठेवतो. बिटवरचा दाब फार वाढवला तर तिथून जास्त मड घुसतो आणि बेअरिंग लवकर खातो. 1978 पासून बाजारात आलेली मापन-साधनं खालचा कोन आणि दिशा मडमधल्याच दाबाच्या ठोक्यांनी वर कळवतात. त्यांनाही ठरलेल्या मर्यादेतला प्रवाह लागतो. लुईझियानात दाबाचा मोठा वाटा बिटला मिळत होता. इथे त्या दाबाला अनेक वाटेकरी आहेत आणि बिटला जास्त देण्याआधी कोणाचं काढून घ्यायचं हे ठरवावं लागतं.

इंग्लंड : 1920

इथे बरंच मागे जाऊ. प्रयोगशाळेत आर्थर बॉयकॉट हे रोगनिदानशास्त्रज्ञ काचेच्या नळ्यांमधलं रक्त पाहताहेत. उभ्या नळीत रक्तपेशी हळूहळू खाली बसतात. नळी तिरकी ठेवली की त्या बऱ्याच वेगाने बसतात. कारण कललेल्या नळीत पेशींना संपूर्ण उंची उतरावी लागत नाही. थोडं खाली गेलं की नळीची भिंत लागते. त्या भिंतीवरून त्या घसरत जातात आणि वरच्या बाजूने स्वच्छ द्रव चढत राहतो. बॉयकॉट यांनी हे निरीक्षण त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये छापलं.

हे लक्षात ठेवा, कारण तिरकी तेलविहीर ही किलोमीटर लांबीची कललेली नळीच आहे. मडला जड करणारी बराइटची पूड याच कारणाने तिरक्या विहिरीत लवकर खाली बसते. खडकाच्या कपच्यांनाही खालची बाजू जवळ असते. उभ्या विहिरीत कपची वर वाहणाऱ्या मडशी झगडत पडते. तिरक्या विहिरीत ती काही इंच पडून भिंतीवर थांबते आणि तिच्यावर दुसरी येऊन बसते. त्यातून थर तयार होतो. विहीर साधारण 30 ते 60 अंश कललेली असेल तर हा थर सर्वांत त्रासदायक असतो, कारण पंप थांबला की तो खाली घसरतो आणि पाइपाला गाडून टाकू शकतो. स्लाइड करताना पाइप फिरत नसल्याने थर ढवळलाही जात नाही. बिटच्या तोंडाशी धार कितीही तेज असली तरी तिचा जोर नोझलपासून थोड्या अंतरावरच संपतो. पुढचे किलोमीटर कपचीला प्रवाहाच्या भरवशावरच जायचं असतं.

पूल हार्बर, डॉर्सेट : जानेवारी 1998

थंड वारा, पाइनची झाडं आणि त्यांच्या आड दडलेलं एक रिग. विच फार्मचा तेलसाठा किनाऱ्यावरून समुद्राखाली पसरला आहे. त्यासाठी समुद्रात कृत्रिम बेट बांधायची योजना होती. तिच्याऐवजी या जमिनीवरून विहिरी समुद्राखाली आडव्या नेण्याचं ठरलं. एम-11 ही विहीर सुमारे 1,600 मीटर खोल आहे, पण तिच्या तोंडापासून तिचं टोक 10 किलोमीटरहून दूर पोचलं आहे. आडव्या अंतराचा हा टप्पा जगात पहिल्यांदाच गाठला गेला.

नियंत्रणकक्षात बसा आणि 65 टक्क्यांचा नियम इथे लावून पाहा. तो लागत नाही. दहा किलोमीटर पाइपातून मड ढकलतानाच पंपाच्या दाबाचा मोठा भाग खर्ची पडतो. लहान नोझल्स घालून बिटला जास्त वाटा द्यायचा तर प्रवाह घटवावा लागेल, आणि प्रवाह घटला की आडव्या भोकाच्या तळावर कपच्यांचा थर साचेल. उलट प्रवाह फार वाढवला तर परतीच्या वाटेवरचं घर्षण तळावरच्या दाबात मिळतं आणि खडक तडकून मड त्यात हरवू शकतो. या दोन्हींमधली जागा अरुंद आहे.

या लोकांनी हिशेबाची सुरुवातच बदलली आहे. ते आधी विचारतात : या भोकातून कपच्या बाहेर येण्यासाठी किमान किती प्रवाह हवा? मग : तेवढ्या प्रवाहात तळाचा दाब खडकाला पेलेल का? मग : मोटरला, मापन-साधनाला काय लागतं? आणि सर्वांत शेवटी : उरलेल्या दाबात बिटला कोणती नोझल्स बसवायची? त्याच्या जोडीला पाइप शक्य तितका फिरवत ठेवायचा. फिरणारा पाइप खालच्या थरातल्या कपच्या उचलून वरच्या वेगवान मडमध्ये टाकतो. स्लाइड न करता, पाइप फिरत असतानाच दिशा बदलणारी साधनं याच वर्षांत क्षेत्रात येत आहेत. त्यांच्या एका प्रकारात मडच्याच दाबाने पॅड बाहेर येऊन भिंतीला रेटतात. तो दाब बिटवर खर्च होणाऱ्या दाबातून मिळतो. म्हणजे नोझल फार मोठं ठेवलं तर सुकाणूच ढिलं पडतं.

बिटही बदललं आहे. 1970 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या बाजारात आणल्या. त्या चकत्या बसवलेलं बिट, म्हणजे पीडीसी बिट, खडक चिरडत नाही, कातरतं. कातरताना चकत्या तापतात, आणि कातरलेली माती पात्यांमधल्या खाचांत अडकू शकते. म्हणून प्रत्येक पात्याच्या समोर नोझल हवं, त्याचा रोख असा हवा की चकत्या थंड राहतील, खाच रिकामी राहील, आणि तरीही धार बिटच्या अंगावर घासून त्याला पोखरणार नाही. आज हे प्रवाह आधी संगणकावर चालवून पाहतात. कुठे मड गोल फिरून अडकतो, कुठे तो एका खाचेतून दुसरीत परत शिरतो, हे पोलाद कापण्यापूर्वीच दिसतं. बिटला मिळणारा दाब तोच राहून नुसती नोझल्सची जागा आणि तिरपेपण बदलल्याने खोदणं सुधारतं, हा या कामातला सर्वांत आनंदाचा भाग आहे.

तुमचं टेबल : आज

आता आराखडा तुमच्यासमोर आहे. विहीर तेलाची असेल, किंवा पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेसाठी ग्रॅनाइटमध्ये खोदलेली असेल. अमेरिकेतल्या युटामध्ये आणि लडाखच्या पुगा खोऱ्यात पृथ्वीच्या उष्णतेसाठी खोदण्याच्या कामांना सुरुवात झाली आहे. अशा कामांतही विहिरी कलवायची गरज पडू शकते आणि तिथेही चुरा वर यावाच लागतो. ज्या ऊर्जेवर उद्याची घरं चालायची आहेत, तिच्या खर्चाचा मोठा भाग खोदण्याच्या तासांत जातो, आणि त्यातले बरेच तास पुन्हापुन्हा तोच चुरा दळण्यात, अडकलेला पाइप सोडवण्यात आणि बुजलेलं बिट धुण्यात वाया जातात.

तुमच्या हातात आलेला नोझल-तक्ता जुन्या विहिरीवरून जसाच्या तसा उतरवू नका. कोन बदलला, लांबी बदलली, मोटर बदलली, मडचं वजन बदललं की दाबाची वाटणी बदलते. शेकरवर ठरावीक वेळाने उभं राहा; जेवढा खडक फोडला त्याच्या बेताच्या कपच्या वर येताहेत का, ते पाहा. स्लाइडचा प्रत्येक लांब पल्ला संपला की पाइप फिरवून भोक साफ करायला वेळ द्या. आणि वेग घसरला तर वजन वाढवण्याआधी खाली काय अडलं असेल याचा विचार करा.

हे सगळं गुरं तळ्यात घालणाऱ्यांपासून विच फार्मपर्यंतच्या माणसांनी हातांनी, पंपांनी, अडकलेल्या पाइपांनी आणि आकडेमोडीने शिकून ठेवलं आहे. तिरकी विहीर चांगली खोदायची तर पहिला आकडा परतीच्या प्रवाहाचा मांडा, मगच बिटच्या धारेचा. नोझल्स निवडण्याचं काम शेवटी करा, आणि ते करताना घाई करू नका.